बापाने मोटारसायकलवरून उतरावे

दिवाळी सरली आणि पहाटेचा गारवा अंगाला लागू लागला, की आपल्या भागातील रस्त्यांवर पोरे पळताना दिसू लागतात. पांढुर्ण्याहून बैतूलकडे जाणारा हमरस्ता घ्या, की सौंसरहून नागपूरकडे जाणारा. पाच-सव्वापाचच्या अंधारात आधी पायांचा आवाज येतो आणि मग माणूस दिसतो. बहुतेकांच्या मनात भरती असते. २०२२ पासून सैन्यात अग्निवीर घेऊ लागले आणि त्या चाचणीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत पळणाऱ्याला पूर्ण गुण ठरले. म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास वेग झाला. आपल्या पोरांना हे गणित तोंडपाठ असते. त्यांच्या बापांना ते ठाऊक नसते, कारण त्या वेळी बाप अंथरुणात असतो, किंवा मोटारसायकलवर असतो.

मोटारसायकलवरच्या बापाविषयीच आज लिहावयाचे आहे.

सौंसरकडील एका गावात आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. थोडा संत्र्याचा बगीचा आणि बाकी वावर कापसाचे. मुलगी अकरावीत, पोलिसात जाण्याची तिची इच्छा. मुलगी अंधारात एकटी कशी पाठवायची, म्हणून बाप रोज मोटारसायकल घेऊन तिच्या मागे जाई. पुढे पोरगी धापा टाकीत पळते आहे, मागे दिव्याच्या झोतात बाप सावकाश गाडी हाकतो आहे आणि पेट्रोलचा धूर दोघांच्या नाकात जातो आहे, असे ते दृश्य. बापाची काळजी खरी होती, त्याबद्दल आम्हांस शंका नाही. पण तो पंचेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, खर्ऱ्याची सवय असलेला. आम्ही त्यास एवढेच म्हटले, “भाऊ, गाडी घरी ठेवून पाहा ना एक दिवस.”

“फादर, दिवसभर वावरात राबतो मी. आता अजून पळू काय?”

हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांचा आहे आणि तो रास्त आहे. जो माणूस निंदण, फवारणी, फळतोडणी करतो त्याला वेगळा व्यायाम कशाला? आमचे उत्तर असे, की शेतीचे काम पूर्वीचे राहिलेले नाही. नांगर ट्रॅक्टरकडे गेला. वावरात जायला गाडी आली. फवारणीच्या पंपाला बॅटरी लागली. वाकणे आणि उचलणे मात्र राहिले, ज्याने कंबर झिजते. हृदय आणि फुप्फुसे अर्धा तास सलग जोमाने चालावीत असे काम आता वर्षातून थोडेच दिवस असते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही माणसांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख निघाली. शहरात शंभरांत सोळा आणि खेड्यात शंभरांत जवळजवळ नऊ. साखरेचा रोग हा शेठजींचा रोग, असे म्हणण्याचे दिवस गेले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा पंचाहत्तर मिनिटे जोराचा व्यायाम सांगते. वाढत्या मुलांना तर सरासरी रोज एक तास.

तर तो गृहस्थ उतरला. आणि पहिल्याच दिवशी मुलीच्या बरोबरीने पळाला. तिसऱ्या दिवशी पोटरी धरली आणि पुढचे दहा दिवस तो लंगडत होता. यात दोष आमचा. पळा म्हणून सांगितले. कसे, ते सांगितले नाही.

चाळिशीनंतर धावणे सुरू करणाऱ्याची अडचण अशी असते, की दम लवकर वाढतो आणि शिरा-सांधे मागे राहतात. चार-सहा आठवड्यांत छाती म्हणू लागते, की चला आणखी. पण टाचेवरची जाड शीर, नडगीचे हाड, गुडघ्याभोवतीचे बंध यांना मजबूत व्हायला कित्येक महिने लागतात. संत्रेवाल्यांना हे आम्ही काय शिकवणार! आंबिया बहारासाठी तुम्ही झाडाला ताण देता. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. पाने किंचित मलूल झाली, की ताण तोडता, आणि तेही एकदम भरपूर पाण्याने नव्हे, आधी हलके पाणी देऊन. शेजाऱ्याने चाळीस दिवस ताण दिला म्हणून आपल्या मुरमाड जमिनीतल्या झाडाला कोणी चाळीस दिवस देत नाही. दिला तर फांद्या वाळतात. पोरीचे शरीर एक जमीन आहे, बापाचे दुसरी. सोळा वर्षांच्या मुलीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या जवळ जाऊ शकतात. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची मर्यादा एकशे पंचाहत्तरच्या आसपास येते. हा वयाचा हिशेब आहे, त्यात कमीपणा नाही.

म्हणून सुरुवातीचे सहा-आठ आठवडे बापाने, आणि तितक्याच आग्रहाने सांगतो, आईनेही, एक मिनिट हळू पळावे आणि दोन मिनिटे चालावे. असे वीस-पंचवीस मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले, की वेग जास्त झाला. पायात साधे कापडी बूट चालतात, फक्त तळ झिजलेला नसावा. साडी नेसूनही पळता येते, त्याची साक्ष पुढे आहेच.

गुडघ्यांची भीती अनेकांना वाटते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात बेताने, हौसेखातर धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याची वा खुब्याची सांधेझीज शंभरांत साडेतीन जणांना आढळली, बसून राहणाऱ्यांत दहा जणांना आणि स्पर्धेसाठी वर्षानुवर्षे धावणाऱ्यांत तेरा जणांना. धावल्याने गुडघे वाचतातच, असे यावरून म्हणता येणार नाही. पण बेताने धावण्यास भिण्याचेही कारण दिसत नाही. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या काठावर गोटमारीत उभे राहताना ज्यांना डोक्याची भीती वाटत नाही, त्यांनी आम्हांस गुडघ्याची भीती सांगू नये!

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगताना आम्हांस अजून जड जाते. काही हिवाळ्यांपूर्वी एक मुलगा इतरांबरोबर पळायला येत असे. मध्येच थांबे, हातपाय दुखतात म्हणे, थंडीत जास्तच. आम्ही त्यास आळशी म्हटले. दोनदा, आणि एकदा तर सर्वांदेखत. त्याचा बापही म्हणाला, की फादर बरोबर बोलतात. पुढे त्याचे रक्त तपासले तेव्हा सिकलसेलचा आजार निघाला. ते पोर जे सांगत होते ते अक्षरशः खरे होते. आज तो औषधावर आहे, बरा आहे, आणि आमच्याशी हसून बोलतो. त्या हसण्याने आम्हांस अधिकच ओशाळे होते.

आपल्या भागात, विदर्भात आणि सातपुड्याच्या रांगांत हा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोल येथे, सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात ही तपासणी सरकारी दवाखान्यातून होते. ज्यास आई आणि बाप दोघांकडून दोष आला आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून जोराने पळूच नये. ज्यास एकाकडूनच आला आहे तो वाहक. तो एरवी धडधाकट असतो आणि पळू शकतो. पण त्यानेही हळूहळू वाढवावे, पाणी भरपूर प्यावे, उन्हात किंवा तापात एकदम जीव तोडून पळू नये. अशा वेळी मांड्या-पोटऱ्या अचानक गळाल्यासारख्या झाल्या, की तिथेच बसवावे, पाणी द्यावे आणि दवाखाना गाठावा. “अजून एक चक्कर मार” म्हणू नये. मुलींच्या बाबतीत रक्त कमी असणे ही नेहमीची गोष्ट आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभर मुलींमागे एकोणसाठ जणींना रक्तक्षय आढळला. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी पोरी दप्तरात ठेवून देतात, हे आयांना आम्ही सांगायला नको. आणि बारा-पंधरा वर्षांच्या मुलाने गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा दुखतो असे सांगितले, तर ते वाढत्या हाडाचे दुखणे असू शकते. काही दिवस उड्या आणि पळणे कमी करावे.

बापाचीही तपासणी हवी. रक्तदाब, साखर आणि तंबाखूचा खरा हिशेब. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात गुळाचा खडा ठेवावा. छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, अकारण गरगरणे, यांपैकी काही झाले तर थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पळून आल्या आल्या खर्रा तोंडात टाकणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याविषयी न लिहिलेले बरे.

आणखी एक, शेतकऱ्यांपुरते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, हे विसरू नये. जिथे आदल्या सायंकाळी किंवा त्याच सकाळी फवारणी झाली आहे त्या धुऱ्याने पळू नये. पळताना श्वास खोल आणि भराभर जातो. रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड राहील अशा, म्हणजे उजव्या कडेने पळावे, आणि अंगात पांढरे कापड असावे.

धावणे हे शहरातल्या रिकाम्या लोकांचे फॅड आहे, असेही ऐकतो. बेळगावकडील फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले, तेव्हा हे फॅड कोठे होते? वसईच्या आपल्या बागायतदार बांधवांच्या पट्ट्यात २०११ पासून वसई-विरारची मॅरेथॉन भरत आली आहे. आणि बारामतीच्या लता भगवान करे! २०१३ मध्ये साठी ओलांडलेली ही बाई नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी, ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरली आणि पहिली आली. तिच्यावर २०२० मध्ये चित्रपट निघाला, त्यात तिने स्वतःच काम केले. ही हकिगत लोक फार कौतुकाने सांगतात. आम्हांस मात्र ती ऐकताना थोडा रागही येतो, की नवऱ्याच्या तपासणीसाठी म्हाताऱ्या बाईला शर्यत जिंकावी लागावी. शिवाय तिचे पाय जन्मभर कष्टात आणि चालण्यात घडलेले होते. तिचे पाहून, काल खुर्चीतून उठलेल्याने आज तीन किलोमीटर सुसाट सुटू नये.

त्या सौंसरकडच्या बाप-लेकीने एक तोड काढली, ती सर्वांनी घेण्यासारखी आहे. बाप आपल्या चालीने सरळ जातो. मुलगी पुढे पुलियापर्यंत वेगाने जाते, वळते, परत बापापर्यंत येते, पुन्हा पुढे. ती त्याच्या दुप्पट पळते आणि दोघे एकमेकांच्या नजरेआड होत नाहीत. घड्याळ तिच्या हाती. बापाने वेळ विचारायची नाही, ही तिची अट आहे, आणि ती आम्हांस फार आवडली. आपल्याकडे बाप पोराबरोबर निघाला, की दुसऱ्या दिवशी वस्ताद होतो आणि तिसऱ्या दिवशी भरतीचा साहेब. मग पोर पहाटे उठायचेच टाळते. परीक्षेचा धाक, शेतीच्या कर्जाचा धाक, आणि त्यावर हा तिसरा, कशाला?

परतताना शेवटची दहा मिनिटे ती दोघे चालत येतात. अशाच एका पहाटे मुलीने सांगितले, की गेल्या वर्षी तिने पळणे का सोडले होते. घरी तिने पाय दुखतो असे सांगितले होते. खरे कारण चौकातल्या पानठेल्यावरची चार पोरे होती. वर्षभर एका ताटात जेवून जे निघाले नव्हते, ते शेजारी शेजारी, एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता चालताना निघाले. बापाने त्या पोरांशी भांडण केले नाही. दुसऱ्या दिवसापासून तो त्या चौकात दोन मिनिटे थांबून बुटाची नाडी बांधू लागला. सध्या आईही येते. तिची नाडी बांधायला पाच मिनिटे लागतात.

आमच्या अंगणातील दिवा हल्ली पहाटे पाचला लागलेला असतो आणि फाटकाला कुलूप नसते. नळाचे पाणी पिण्याचे आहे. सायकली आणि मोटारसायकली भिंतीला लावाव्यात; गुलाबाच्या वाफ्यात नकोत.