वाचनाची वही



जून महिन्यात शाळा उघडते, नव्या वह्यांना खाकी कव्हरे चढतात आणि त्यांच्याबरोबर नवे संकल्पही होतात. यंदा रोज पहाटे उठेन, अक्षर सुधारीन, गणित शेवटच्या आठवड्यावर ठेवणार नाही. अलीकडे पुष्कळ मुले आणखी एक संकल्प करू लागली आहेत : यंदा इतकी पुस्तके वाचीन. कुणी बारा म्हणतो, कुणी पंचवीस. एखादा एकदम शंभर म्हणून मोकळा होतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तर ‘किती पुस्तके वाचलीत?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो.

संकल्प चांगला आहे. त्याची नोंद ठेवणे त्याहून चांगले. पण नोंद कशाची ठेवावी, याबद्दलचे माझे मत एक चूक करून बनले आहे. ती चूक आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता लावला. एका बाजूला मुलांची नावे आणि पुढे रिकामे चौकोन. एक मराठी पुस्तक वाचून झाले की एका चौकोनात एक चांदणी चिकटवायची. पहिल्या महिन्यात कपाटातील पुस्तके कमी पडू लागली. मी खूश होते. मग हळूहळू लक्षात आले की, सोळा-सोळा पानांची चित्रांची पुस्तकेच या हातातून त्या हातात फिरत आहेत. एका मुलाच्या नावापुढे एकतीस चांदण्या झाल्या. त्याला मी सहज एका पुस्तकातील गोष्ट विचारली, तर मुखपृष्ठावर जे चित्र होते तेवढेच त्याने सांगितले. त्याला मी दोष देत नाही. मी चांदण्या मागितल्या होत्या. त्याने चांदण्या दिल्या.

त्याच वर्गात एक मुलगी होती. तिच्या नावापुढे ऑक्टोबरपर्यंत एकच चांदणी होती. ती साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ वाचत होती. तिच्या घरी मराठी बोलणारे कोणी नव्हते. रोज दोन-तीन पाने वाचायची, अडलेल्या शब्दांची चिठ्ठी करायची आणि मधल्या सुट्टीत येऊन विचारायची, “मॅडम, सोवळे म्हणजे काय? ओटी म्हणजे काय?” कधी कधी एका शब्दासाठी मला पाच मिनिटे बोलावे लागे; कारण शब्दकोशात अर्थ मिळतो, पण शेजारच्या घरातील रीत मिळत नाही. एके दिवशी तिने ते पुस्तक परत आणून दिले. खुणेची चिठ्ठी निम्म्यावर होती.

“वाचून झाले?” मी विचारले.

“नाही मॅडम. पण याची एकच चांदणी मिळते ना!”

तिने तीन पातळ पुस्तके नेली. दुसऱ्या दिवशी मी तक्ता उतरवला. तिने मात्र त्या वर्षी ‘श्यामची आई’ पुन्हा मागितले नाही.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग मोजणेच सोडून द्या. वाचन म्हणजे काय वाण्याचा हिशोब आहे? माझे काही सहकारी असेच म्हणतात. मला हे पटत नाही. ज्याच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत आणि जो आपल्या मातृभाषेत वाचतो, त्याला नोंदीची गरज नसेल. तुम्हांला आहे. तुम्ही उर्दूत शिकता आणि मराठी ही तुमची दुसरी भाषा आहे. दुसऱ्या भाषेतील प्रगती वाढत्या मुलाच्या उंचीसारखी असते. रोज आरशात पाहणाऱ्याला ती दिसत नाही. जूनमध्ये एका पानावर वीस शब्द अडत होते आणि डिसेंबरमध्ये सहाच अडतात, हे लिहून ठेवले नाही तर तुम्हांला कळणारच नाही. उलट तुम्ही म्हणाल, ‘अजूनही मला सहा शब्द अडतात.’ असे म्हणत म्हणत वाचन सोडून दिलेली मुले मी पाहिली आहेत.

मोजण्याची सवय आपल्याला नवीन नाही. आपल्या घरातील कुरआन शरीफची प्रत उघडून पाहा. तीस पारे, सात मंजिली. पाऱ्यातही पाव, निम्मा, पाऊण अशा खुणा कडेला छापलेल्या असतात. प्रत्येक रुकू संपला की समासात ‘ऐन’ हे अक्षर येते. त्याच्या वर, मध्ये आणि खाली असे तीन आकडे असतात : सूरेतील कितवा रुकू, त्यात आयती किती आणि पाऱ्यातील कितवा रुकू. रोज तिलावत करणाऱ्याला आपण कोठे आहोत, हे त्यामुळे समजते. महिन्यात एकदा पूर्ण करणारा पाऱ्यांच्या हिशोबाने वाचतो, आठवड्यात पूर्ण करणारा मंजिलीच्या. आपल्या शेजारच्या मराठी घरांतही हे आहे. गुरुचरित्राचे पारायण सात दिवसांचे असते आणि कोणत्या दिवशी कोणते अध्याय वाचायचे, हे ठरलेले असते. या खुणा वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत. शेजारचा कितव्या पाऱ्यावर आहे, हे त्या सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट तुम्ही मदरशात ऐकली असेल. जो अडखळत, कष्टाने तिलावत करतो, त्याला दुप्पट सवाब आहे, असे हदीसमध्ये आले आहे. ही गोष्ट कुरआन शरीफबद्दलची आहे. गोष्टीच्या पुस्तकांना मी ती लावत नाही. पण अडखळणाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे आपण तिच्यातून शिकू शकतो. माझ्या तक्त्याची नजर तशी नव्हती.

आता पुण्याच्या येरवडा तुरुंगातील एक नोंद पाहू. मार्च १९२२ मध्ये महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्यात ठेवण्यात आले. तेव्हा त्यांचे वय बावन्न होते. तेथे त्यांनी वाचनाचे आणि अभ्यासाचे वेळापत्रकच आखले. ते उर्दू शिकत होते, तमिळ आणि संस्कृतचा अभ्यास करत होते, धर्म आणि इतिहासावरचे मोठमोठे ग्रंथ वाचत होते. १९२३ सालची त्यांची तुरुंगातील डायरी आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तिच्यात अमुक पुस्तक संपले, तमुक सुरू केले, अशा छोट्या छोट्या नोंदी आहेत. बढाई नाही, लांबलचक वर्णन नाही. मौलाना शिब्लींची उर्दू पुस्तके त्यांनी याच काळात वाचली. जी लिपी तुम्हांला बालवाडीपासून येते, ती पन्नाशी ओलांडलेला माणूस उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचत होता. त्यालाही शब्द अडत असणारच. पुढे जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्यावर ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली. सहा वर्षांसाठी मांडलेला अभ्यास दोन वर्षांच्या आतच थांबला. अधिक काळ मिळाला असता तर उर्दू आणि तमिळ चांगले आले असते, अशा आशयाचे त्यांनी नंतर लिहिले. म्हणजे त्यांचाही संकल्प अपुरा राहिला. पण कुठपर्यंत आलो होतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

आता थोडे गणित करू. एका वर्षातील परीक्षा, आजारपण, सण, पाहुणे आणि आळस यांचे पासष्ट दिवस सोडून द्या. तीनशे दिवस उरले. रोज मराठीची दोनच पाने वाचलीत तरी वर्षाला सहाशे पाने होतात. दीडशे पानांचे एक, अशी ही चार पुस्तके झाली. आठवी ते दहावी या तीन वर्षांत बारा. ‘श्यामची आई’चे भाग म्हणजे एकेक रात्र आहे. अशा बेचाळीस रात्री आहेत. रोज एक रात्र वाचली तर सहा आठवडे आणि एका रात्रीला तीन दिवस लागले तर अठरा आठवडे लागतील. जूनमध्ये सुरू केलेले पुस्तक ऑक्टोबरच्या अखेरीस संपले तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? हे गणित मी तेव्हा त्या मुलीला करून दाखवायला हवे होते.

म्हणून माझे म्हणणे असे की, तक्ता नको, वही हवी. आणि ती ज्याची त्याने आपल्याजवळ ठेवावी. शिक्षकांनी मागितली तर दाखवावी, पण तिला गुण नसावेत. तीत पुस्तकाचे नाव, लेखक, सुरू केल्याची तारीख आणि संपल्याची तारीख तर लिहालच. त्याशिवाय दर महिन्याच्या पहिल्या दिवशी एक पान निवडा आणि त्यावर किती शब्द अडले, तो आकडा लिहा. मला विचाराल तर वर्षअखेर पाहण्यासारखा आकडा हाच. पुस्तकाबद्दल एखादे वाक्यही लिहा. ‘पुस्तक छान आहे’ असे लिहू नका; ते न वाचताही लिहिता येते. काय आवडले नाही, ते लिहिलेत तरी चालेल. मराठीत जमले नाही तर उर्दूत लिहा.

एक सदर ‘अर्धे सोडले’ असेही ठेवा. बहुतेक मुले हे सदर ठेवायला तयार नसतात. पण नोंद खरी असेल तरच तिचा उपयोग. चार्ल्स डार्विन हे इंग्लंडमधील थोर निसर्गशास्त्रज्ञ. त्यांनी १८३८ ते १८६० या काळात वाचनाच्या वह्या ठेवल्या होत्या. एक यादी वाचायच्या पुस्तकांची, एक वाचलेल्या पुस्तकांची. जे पुस्तक नुसते चाळले, त्यापुढे चाळले असेच ते लिहीत. आजकाल मोबाइलवरही वाचनाचे मोजमाप ठेवता येते. तुमचा वेग कमी झाला की ‘तुम्ही ठरल्यापेक्षा दोन पुस्तकांनी मागे आहात’ असा संदेश येतो. यंत्राला पान पातळ की जाड, भाषा पहिली की दुसरी, हे कसे कळणार? मला वही बरी वाटते. तिला विजेची गरज नाही, आणि उघडली की तीतून गाणी वाजत नाहीत.

वर्षाच्या संकल्पाशेजारी एक लांबचा संकल्पही असू द्या. मी सुचवते तो असा आहे. भारतात साहित्याचा ज्ञानपीठ पुरस्कार फार मानाचा समजला जातो. २०२३ पर्यंत तो मराठीतील चार लेखकांना मिळाला : वि. स. खांडेकर (१९७४), कुसुमाग्रज (१९८७), विंदा करंदीकर (२००३) आणि भालचंद्र नेमाडे (२०१४). उर्दूतील पाच जणांना मिळाला : फिराक गोरखपुरी (१९६९), कुर्रतुलऐन हैदर (१९८९), अली सरदार जाफरी (१९९७), शहरयार (२००८) आणि गुलजार (२०२३). एकूण नऊ नावे. प्रत्येकाचे एकेक पुस्तक वाचायचे आणि त्यासाठी मुदत घ्यायची दहा वर्षांची. आज तुमच्या हाती ‘ययाति’ किंवा ‘आग का दरिया’ दिले तर तुम्ही दहाव्या पानावर थांबाल आणि ते योग्यच होईल. गंमत म्हणजे ही दोन्ही पुस्तके १९५९ सालचीच आहेत. ती कॉलेजात गेल्यावर वाचा. पण विंदांनी लहान मुलांसाठी पुष्कळ कविता लिहिल्या आहेत, गुलजारांनीही मुलांसाठी लिहिले आहे. तेथून आजच सुरुवात करता येईल.

वहीबद्दल एक सोय सांगायची राहिली. उर्दूचे पुस्तक उजवीकडून उघडते, मराठीचे डावीकडून. तेव्हा दोन वह्या घेऊ नका. शंभर पानी एकच वही घ्या. एका बाजूने उर्दूची नोंद सुरू करा, दुसऱ्या बाजूने मराठीची. माझ्या वहीत उर्दूची बाजू नेहमीच पुढे असते. मराठी मी शिकवते, तरीही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा आल्या की वहीची पाने कोरी राहतील. ती कोरीच राहू द्या, खोट्या तारखा घालून भरू नका. माझ्या स्वतःच्या वहीत ‘अर्धे सोडले’ या सदरात सध्या चार पुस्तके आहेत. त्यांतले एक २०१९ पासून तेथेच आहे. पान एकशे बारापर्यंत आले होते. ते नाव मी अजून खोडलेले नाही.