अबोला मुलांना ऐकू येतो



सोयरीक जमवताना आपण घराणं बघतो. मूल हट्टी निघालं, खोटं बोललं, की ‘खाण तशी माती’ म्हणून मोकळ्या होतो, आणि बोट बहुतेक वेळा आईकडेच जातं. मलाही वाटायचं, आमचं घर चांगलं. सूर्यास्तानंतर जेवण नाही, मुलं रविवारी न चुकता पाठशाळेला जातात, आणि आरडाओरडा तर आमच्याकडे कधीच नाही. या शेवटच्या गोष्टीचा मला फार अभिमान होता. तो कसा उतरला ते आज सांगते.

गेल्या वर्षी श्रावणात पैशांच्या एका व्यवहारावरून माझं आणि ह्यांचं बिनसलं. भांडलो नाही, नुसतं बोलणं बंद केलं. सहा दिवस. निरोप्याचं काम सात वर्षांच्या लेकीकडे आलं. ‘पप्पांना सांग, पान वाढलंय.’ ‘आईला सांग, मला उशीर होईल.’ चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, ‘आई, पप्पा म्हणाले आज आमटी मस्त झालीय.’ माझा राग तिथंच निम्मा झाला.

अबोला सुटल्यावर मी तो विषय काढला, तर हे माझ्याकडे बघतच राहिले. हे असं काही बोललेच नव्हते. उलट ‘दमला असाल, जरा पडा’ असा माझा निरोप त्यांना मिळाला होता. तो मी दिलाच नव्हता. आधी आम्ही दोघं हसलो. रात्री मात्र मला झोप लागेना. आम्हाला जोडायला माझं लेकरू खोटं बोलायला शिकलं होतं.

मराठीत आपण माया म्हणजे जीव लावणं म्हणतो. पाठशाळेत क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय शिकवतात, तिथं माया म्हणजे कपट. लेकीच्या त्या निरोपांत दोन्ही माया होत्या. क्रोध आणि मान आमचा होता, कपट तिला करावं लागलं.

थोड्याच दिवसांनी खेळणं मोडलं म्हणून तिनं धाकट्या भावाशी बोलणं टाकलं. तो ‘ताई, बोल ना’ म्हणत मागं मागं रडतोय, ही तोंड फिरवून बसलेली. मी रागावले तर म्हणते, ‘त्याला आधी त्याची चूक कळू दे.’ हे वाक्य माझं होतं. सासूबाईंपाशी मी ह्यांच्याबद्दल म्हटलेलं.

आईवडिलांच्या भांडणाचा मुलांवर काय परिणाम होतो, हे ई. मार्क कमिंग्ज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून अभ्यासलं आहे. मोठी माणसं न बोलता धुमसत असली तरी मुलांना तो राग कळतो आणि ती अस्वस्थ होतात. तेच भांडण मिटलेलं त्यांना दिसलं, तर त्यांचा ताण पुष्कळ उतरतो. आपण नेमकं उलट करतो. रुसतो मुलांसमोर, आणि समेट करतो दार लावून.

शास्त्रात रागाला चार रेघांची उपमा आहे : दगडावरची, जमिनीवरची, धुळीतली आणि पाण्यावरची. संसारात राग येणारच. ती रेघ किती दिवस राहते, हे महत्त्वाचं. माझ्या मते घराणं म्हणजे हेच. शेती किती, शिक्षण किती, यापेक्षा या घरात रागाची रेघ कशी पुसतात, हे मूल रोज बघत असतं आणि तसंच वागायला शिकतं.

कुणी म्हणेल, लेकरांपुढं चूक कबूल केली तर धाक उरेल का? मैत्रिणींनो, हाच तर मान. दशलक्षण पर्वात पहिल्या तीन दिवशी आपण क्षमा, मार्दव, आर्जव म्हणतो; ते क्रोध, मान आणि माया यांवरचे उपाय आहेत. मुलात आर्जव हवं, तर आधी आपल्यात क्षमा आणि मार्दव हवं. आणि हे एकट्या आईचं काम नाही. अबोल्याला दोन माणसं लागतात, मिटवायलाही दोनच. मात्र जिथं मारहाण आहे, तिथं ‘मिटवून घे’ असं मी कुणाला सांगणार नाही. तिथं आधी माहेरी, शेजारी, कुणाला तरी सांगा.

क्षमावाणीला आपण गावभर फोन करतो, ओळख नसलेल्यांनाही मोबाइलवर क्षमा पाठवतो. गेल्या वेळी आम्ही दोघांनी आधी मुलांना समोर बसवलं. आमचं चुकलं म्हणालो, त्यांच्यादेखत एकमेकांची क्षमा मागितली. लेकीला सांगितलं, निरोप पोचवणं तुझं काम नाही, आमचं आम्ही बोलू. मला वाटलं ती रडेल, गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि विचारलं, ‘मग मी आता खेळायला जाऊ?’

तुमच्या घरी निरोप्या कोण आहे, तेवढं एकदा बघा.

जय जिनेंद्र.