गडकऱ्यांच्या हालांचं कौतुक पुरे!

नागपुरात 'गडकरी' म्हटलं की लोकांना आता वेगळेच गडकरी आठवतात. मी बोलतोय ते राम गणेशांबद्दल. 'एकच प्याला'वाले. २३ जानेवारी १९१९ ला ते गेले, तेही आपल्या जिल्ह्यातच, सावनेरला. त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा तर जन्मच नागपूरचा.

गडकऱ्यांवरची जी भाषणं मी आजवर ऐकली, त्यांचा साचा ठरलेला. लहानपणी वडील गेले, मग गरिबी, कॉलेज अर्धवट, नाटक मंडळीतली नोकरी, संसारात सुख नाही, शेवटी आजारपण. 'भावबंधन' कसंबसं पुरं केलं आणि प्राण सोडला. इथे वक्त्याचा आवाज भरून येतो. मग ते हमखास वाक्य येतं: "या दुःखातूनच ही प्रतिभा फुलली!" टाळ्या.

मला या वाक्याची चीड येते. दुःखानं गडकऱ्यांना काही दिलं असेल-नसेल, पण त्यांच्याकडून आणि आपल्याकडून किती घेतलं, याचा हिशोब कोणी मांडतच नाही.

साधा हिशोब आहे. पहिलं नाटक 'प्रेमसंन्यास' १९१२ चं. सात वर्षांत पुरी नाटकं चार. 'एकच प्याला' गंधर्व मंडळींनी रंगभूमीवर आणलं फेब्रुवारी १९१९ मध्ये, म्हणजे लेखक गेल्यावर महिन्याभरानं. बालगंधर्वांची सिंधू महाराष्ट्रानं पाहिली, लिहिणाऱ्यानं नाही. 'राजसंन्यास' अर्धवट. 'वेड्यांचा बाजार' अर्धवट. वय किती? पुरी चौतीसही नाहीत.

आता अमेरिकेचा युजीन ओ'नील घ्या. गडकऱ्यांपेक्षा तीन वर्षांनी लहान. आई मॉर्फिनच्या आहारी, भाऊ दारूच्या, स्वतः दारुडा. १९१२ साली आत्महत्येचा प्रयत्न केला आणि वर क्षय झाला. पण त्याला सॅनेटोरियममध्ये जागा मिळाली, उपचार मिळाले, तो वाचला. तिथून बाहेर पडून नाटकं लिहायला लागला. १९३६ साली नोबेल. तो गडकऱ्यांच्या वयात गेला असता तर 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट' आपल्याला मिळालंच नसतं. ते त्यानं १९४१ मध्ये संपवलं, बावन्नाव्या वर्षी.

तुम्ही म्हणाल, अहो, पण त्या नाटकात त्याच्या घरचं दुःखच तर आहे! आहे ना. पण ते दुःख त्याच्यापाशी चोविसाव्या वर्षीही होतं. नाटक व्हायला आणखी जवळपास तीस वर्षं लागली. कमी पडत होती ती वर्षं, दुःख नव्हे.

लांब कशाला जायचं? आपल्या नागपूरचे महेश एलकुंचवार. जन्म १९३९. वर्षानुवर्षं इथे कॉलेजात इंग्रजी शिकवलं. 'वाडा चिरेबंदी' आलं १९८५ मध्ये, पंचेचाळिशी ओलांडल्यावर. दरमहा येणारा पगार भाषणात सांगायला फारसा रोमहर्षक नाही, हे मान्य. पण मला वाटतं, मराठी नाटकाला अशा पगारांचा फार आधार आहे.

अपुरेपणाची किंमत मेल्यावरही चुकत नाही. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत फेकला. कारण काय, तर 'राजसंन्यास'मधलं संभाजी महाराजांचं चित्रण. राग येण्याचा हक्क कोणालाही आहे. पण पात्राच्या तोंडचं वाक्य म्हणजे लेखकाचं मत नव्हे, आणि हे तर लेखकाच्या हातून पुरंही न झालेलं नाटक! शंभर वर्षांनी शिक्षा झाली ती एका खर्ड्याला.

आणि आम्ही त्यांच्या नावानं काय केलं? ठाण्यात रंगायतन आहे, चांगलं आहे. आमच्या नागपूर जिल्ह्यात त्यांचं नाव दिलं सहकारी साखर कारखान्याला! तो बुडाला, लिलावात विकला गेला. उसाच्या मळीपासून दारू बनते, हे ध्यानात घेतलं तर 'एकच प्याला'च्या लेखकाचा याहून क्रूर विनोद तळीरामालाही सुचला नसता.

एकांकिका लिहिणारी कितीतरी पोरं दरवर्षी या शहरात दिसतात. त्यातल्या एखाद्याला वर्षभर खोलीचं भाडं आणि औषधपाण्याची सोय करून द्या, आणि "लिही" म्हणा. गडकऱ्यांना हार घालण्यापेक्षा ते स्वस्त पडेल की महाग, माहीत नाही. पण पुढच्या माणसाचं नाटक तरी पुरं होईल.

तोवर निदान ते "दुःखातून फुललेली प्रतिभा" वगैरे बंद करा. फुललेली दिसते कारण उरलं तेवढंच आपण मोजतो. खुडलेलं कोण मोजणार?