वर्गातल्या लेखनाला वाचक हवा

तिसरीपासून पुढच्या वर्गांना कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती शिकवण्याची घोषणा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केली. अंमलबजावणी २०२६-२७ पासून. हा अभ्यासक्रम वाईटच असेल असे मी म्हणत नाही. पण भिलाईत बसून ही बातमी वाचताना एक प्रश्न मनातून जात नाही. यंत्र विचार कसा करते हे मुलांना समजावण्याची आपल्याला एवढी निकड आहे. मग मुलांनी स्वतः पाहिलेले स्वतःच्या शब्दांत लिहावे, ते कोणीतरी वाचावे आणि शंका आल्यावर मुलांनी ते पुन्हा लिहावे, याची निकड कोणालाच का नाही?

आज शाळेतले ‘डिजिटल लेखन’ म्हणजे काय, ते विद्यार्थी वाचकांना सांगायला नको. वहीतल्या उत्तराचे छायाचित्र काढायचे, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात टाकायचे आणि वर उचललेल्या अंगठ्याची वाट पाहायची. उत्तर गाइडमधले, त्यामुळे चाळीस छायाचित्रांत एकच वाक्य चाळीस अक्षरांत दिसते. याला लेखन म्हणणे हा भाषेचा अपमान आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये छत्तीसगढ शासनाने ‘पढ़ई तुंहर दुआर’ हा उपक्रम सुरू केला. जिथे इंटरनेट पोहोचत नव्हते तिथे ‘बुल्टू के बोल’च्या माध्यमातून ब्लूटूथवरून ध्वनिमुद्रित धडे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेले. टाळेबंदीच्या काळातली ही कल्पकता मानलीच पाहिजे. मात्र ओघ प्रामुख्याने एकाच दिशेचा होता: धडा मुलाच्या दारी आला, पण मुलाचे म्हणणे त्या दारातून फारसे बाहेर पडले नाही.

असे होणे अटळ होते का? मुळीच नाही. छत्तीसगढ मध्य प्रदेशातच होता त्या काळात, १९७२ साली, होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो हाती घेतला, पुढे १९८२ पासून एकलव्य संस्थेने सांभाळला. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात तयार उत्तरे नव्हती. प्रयोग करायचा, दिसले ते वहीत लिहायचे, गटात वाद घालायचा. परीक्षेला ती वही उघडी ठेवायची मुभा होती. आणि ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्राने प्रश्न विचारीत आणि उत्तरे येत! संगणक नव्हता, ब्लॉग हा शब्दही जन्मला नव्हता, तरी ब्लॉगचा आत्मा तिथे होता: लिहिणारे मूल आणि त्याचे लिहिलेले मनापासून वाचणारा कोणीतरी. शेकडो शाळांत पसरलेला हा उपक्रम शासनाने २००२ मध्ये बंद केला. आज साधने हाताशी आहेत, सवालीराम मात्र नाही.

खऱ्या विज्ञानात अशा लेखनाचे काय मोल असते? २०१० च्या डिसेंबरमध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक शोधनिबंध आला. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जीवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरू शकतो, असा त्याचा दावा होता. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या रोझी रेडफील्ड यांनी काही दिवसांतच स्वतःच्या ब्लॉगवर त्यावर सविस्तर आक्षेप घेतले. एवढ्यावर न थांबता त्यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि चुका-अडचणींसह त्यांच्या नोंदी ब्लॉगवर सर्वांसमोर ठेवल्या. २०१२ मध्ये ‘सायन्स’नेच दावा खोडणारे संशोधन छापले, मूळ निबंध २०२५ च्या जुलैमध्ये मागे घेतला गेला, लेखकांचा विरोध असतानाही. ब्लॉगवरच्या त्या नोंदी अपूर्ण होत्या, अडखळणाऱ्या होत्या, आणि म्हणूनच उपयोगाच्या होत्या. आपण मुलांकडून मात्र पहिल्याच फटक्यात निर्दोष, सुवाच्य, तारीख घातलेले उत्तर मागतो.

भिलाईत विषयांचा तोटा नाही. १९५९ पासून इथे लोखंड वितळते आहे. गच्चीवर रात्रभर साचणारी धूळ पांढऱ्या कागदावर गोळा करावी, त्यावरून चुंबक फिरवावे: किती कण चिकटतात? सेक्टरमधल्या गच्चीवर आणि शिवनाथच्या काठी फरक पडतो का? वाऱ्याची दिशा बदलली तर? आठवड्यातून एक नोंद, वर्गाच्या सामायिक ब्लॉगवर. दुसरी मुलगी खाली विचारील, ‘तू कागद किती तास ठेवला होतास?’ त्या एका प्रश्नाने जी दुसरी नोंद लिहिली जाईल, ती पहिलीपेक्षा नक्की चांगली असेल. गूगल डॉक्ससारख्या साधनात प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. गुण द्यायचेच असतील तर त्या बदलांना द्यावेत.

‘मुले चॅटजीपीटीकडून लिहून आणतील,’ हा आक्षेप हमखास येतो. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निबंधांत ते आजच होते आहे, कारण तिथे फक्त शेवटचा मजकूर मागितला जातो. आपल्या गच्चीवरची धूळ यंत्राने पाहिलेली नसते. आकडे बनावट रचता येतील, हे खरे. पण शेजारच्या गच्चीवरचा आकडा त्यांच्या बाजूला ठेवला की रचनेला तडे जातात. शिक्षकांना वेळ नाही, ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिची टिंगल करणाऱ्यांनी साठ वह्या एकदा तपासून पाहाव्यात. म्हणूनच पहिले वाचक वर्गमित्र असावेत. ब्लॉग वर्गापुरता बंद ठेवावा, पूर्ण नाव आणि छायाचित्र टाळावे, पालकांची संमती घ्यावी.

भाषेचे काय? इथल्या मराठी घरातले मूल घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढी, मैदानावर हिंदी आणि वर्गात बहुधा इंग्रजी बोलते. कागदावर या चारांपैकी तीन भाषा गप्प बसतात. वर्गाच्या ब्लॉगवर त्या बसण्याचे कारण नाही. हिंदी टंकणाऱ्या बोटांना मराठीसाठी नवी लिपी शिकावी लागत नाही. मातृभाषा मराठी असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, तेव्हा छपाईसाठी त्यांना दूरच्या गावावर अवलंबून राहावे लागले. आज छापखाना प्रत्येकाच्या खिशात आहे.

उरतो वाचकाचा प्रश्न. भिलाईची आयआयटी २०१६ मध्ये सुरू झाली, आता कुटेलाभाटा येथे तिचे नवे संकुल उभे आहे. तिथे शिकणाऱ्या मित्रांनो, महिन्यातून एकदा जवळच्या एखाद्या सरकारी शाळेतल्या मुलाची एकच नोंद वाचा आणि तिच्याखाली एक प्रश्न लिहा. उत्तर देऊ नका, शुद्धलेखनही सुधारू नका. ‘चुंबक कोणते वापरलेस?’ एवढे विचारले तरी चालेल.