लढाई एका ठेक्यात होत नाही

पडद्यावर तलवार उपसली की ढोल सुरू होतात आणि शेवटचा माणूस पडेपर्यंत त्याच गतीनं बडवले जातात. सुरुवातीला मिनिटाला १४० ठोके, मध्यात १४०, नायकाच्या छातीत भाला घुसतो तेव्हाही १४०. खाली व्हायोलिनांची न थांबणारी करवत, मधूनमधून पितळी वाद्यांची आरोळी, वर कसलेतरी संस्कृत शब्द घोकणारा समूह. आपल्याकडे याला ॲक्शनचं संगीत म्हणतात. मी याला कामचुकारपणा म्हणतो. ज्या धंद्यावर माझं घर चालतं त्याच धंद्याबद्दल हे बोलतो आहे, तेव्हा पूर्ण जबाबदारीनं बोलतो आहे.

मारामारीच्या दृश्यात लय बदलली नाही तर ते दृश्य खोटं ठरतं. लढणारा माणूस घाबरतो, दम खातो, समोरच्याचा डाव ओळखतो, मागे सरतो, चवताळतो, थकतो. या प्रत्येक ठिकाणी त्याचा काळ वेगळ्या गतीनं चालतो. संगीतानं तो काळ दाखवायचा असतो. तलवारींचा वेग दाखवायला तलवारी आहेतच, त्यांना ढोलाची री ओढणारा नोकर लागत नाही.

मी नोएडात राहतो आणि दिल्लीच्या आसपासच्या स्टुडिओंत पार्श्वसंगीताचं काम करतो. पानिपत इथून गाडीनं दोन-अडीच तासांवर. सरकारी नकाशात तो जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो. मराठी माणूस तिथल्या काला आंबच्या स्मारकापाशी जाऊन डोळे पुसतो आणि परत येऊन त्याच लढाईचा असा चित्रपट पाहतो, ज्यात सगळं युद्ध एका ठेक्यावर उरकलेलं असतं. मला याचा संताप येतो, कारण ती लढाई लयीच्या अंगानं पाहिली तर तिच्याइतकं वळणावळणाचं दुसरं काही सापडणार नाही.

आधी अडीच महिन्यांचा वेढा. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतल्याचा आनंद ओसरायच्या आत अब्दाली बागपतपाशी यमुना उतरला आणि भाऊसाहेबांची दिल्लीची वाट तुटली. मग खंदकाआड बसून राहणं, रसद आटत जाणं, जनावरं मरणं. यात ठोका नाहीच. असलाच तर इतका विलंबित की पुढची मात्रा येईल की नाही याची खात्री वाटू नये. १४ जानेवारी १७६१ ला सकाळी उपाशी फौज गोल बांधून बाहेर पडते. तो गोल घाईनं चालतच नाही, कारण आत बाजारबुणगे आहेत, बायकामुलं आहेत. मग इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि त्याचं कवायती पायदळ. इथे, आणि फक्त इथेच, घड्याळासारखा नियमित ठोका शोभतो, कारण गारद्यांची कवायत तशीच होती. त्यानंतर हुजुरातीचा हल्ला, अफगाणांची मधली फळी फुटते, लय अंगात येते, चढते. दुपारपर्यंत पारडं आपल्याकडे. मग अब्दाली राखून ठेवलेली ताजी माणसं पुढे घालतो, उंटांवरच्या जंबुरक्यांचा मारा सुरू होतो, आणि सकाळपासून लढणाऱ्या उपाशी माणसांचे हात जड होतात. विश्वासराव गोळी लागून पडतात. भाऊंनी अंबारी सोडून घोडा घेतला आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, असं सांगितलं जातं.

त्या रिकाम्या अंबारीपाशी संगीतानं काय करावं? आपले लोक तिथे ढोल वाढवतात. एक सैनिक मान वळवतो, अंबारी पाहतो, आणि त्याला काय झालं ते कळायला एक क्षण लागतो. त्या एका क्षणात लय मोडली पाहिजे. हात चालू आहेत, ठोका सुटला आहे, प्रत्येक वाद्य आपापल्या गतीनं भरकटलं आहे. फौज मोडते ती अशीच मोडते. त्यानंतरची पळापळ पुन्हा वेगाची असेल, पण तो वेग सकाळच्या हल्ल्याचा नव्हे. सकाळचा वेग पुढे झेपावणारा, हा पाठीला डोळे फुटलेला. दोन्हींना एकच लूप लावणाऱ्या माणसानं पानिपत वाचलेलंच नाही.

हे न कळण्याइतके आम्ही अडाणी आहोत का? मुळीच नाही. दोष कामाच्या पद्धतीत आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. दिग्दर्शक संकलन करताना कुठल्यातरी हॉलिवूडपटाचं संगीत तात्पुरतं म्हणून दृश्याखाली लावतो. तीन महिने तेच ऐकून त्याचे कान त्या संगीताला बांधले जातात. मग आम्हाला बोलावणं येतं आणि सांगितलं जातं की असंच करा, फक्त खटला होणार नाही इतकं वेगळं करा. त्यातही संकलन पक्कं झालेलं नसतं. ग्राफिक्स उशिरा येतात, कट सात फ्रेम इकडे, बारा फ्रेम तिकडे सरकत राहतो. लयीची वळणं बांधून केलेलं संगीत अशा वेळी कोसळतं. एका गतीचा लूप मात्र कुठेही कापा, कुठेही जोडा, बोंब होत नाही. म्हणून लूप. लढाईला तो शोभतो म्हणून नाही, कापायला सोपा म्हणून.

एका निर्मात्याच्या माणसासमोर मी पाठलागाचा एक तुकडा वाजवून दाखवला होता. पळणारा मुलगा भिंतीआड दडतो तिथे मी लय निम्म्यावर आणली होती. पोलिसाचे बूट जवळ येताहेत, मुलगा श्वास धरून आहे, आणि खाली एकच घट्ट, हळू ठोका. तो म्हणाला, ‘‘सर, एनर्जी गिर रही है.’’ अंतिम प्रतीत तिथे ढोलांचा लूप आला. मुलगा दडलेला आहे हे डोळ्यांना दिसतं आणि कानांना पटत नाही. शांत राहिला तर वाचेल अशा माणसाच्या डोक्यावर आम्ही वीस ढोल वाजवले.

हा ‘एनर्जी’ शब्द कुठून आला ते नोएडात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सेक्टर १६-अ मधल्या फिल्म सिटीत आता चित्रपटांपेक्षा वृत्तवाहिन्यांचाच डेरा मोठा आहे. या देशातलं सगळ्यात जास्त वाजणारं युद्धसंगीत तिथे तयार होतं. सीमेवरचा गोळीबार, पावसानं तुंबलेला रस्ता, कांद्याचा भाव, सगळ्यांखाली तोच धडधडाट. मे २०२५ मध्ये तर वाहिन्यांनी कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवले. शेवटी नागरी संरक्षणाच्या महासंचालनालयाला पत्रक काढून सांगावं लागलं की भोंगे असे वापरू नका, लोकांना ते सवयीचे झाले तर खऱ्या हल्ल्याच्या वेळी कोणी हलणार नाही. सरकारी खात्याला जे कळलं ते आमच्या संगीतकारांना आणि दिग्दर्शकांना कळू नये? एकसारखा वाजणारा इशारा इशारा राहत नाही. दहा मिनिटं १४० च्या गतीत बसलेल्या प्रेक्षकाला अकराव्या मिनिटाला १४० जाणवतच नाही. मग आवाज वाढवायचा, ढोलांची संख्या वाढवायची. लय बदलण्याचं धैर्य नाही म्हणून कानठळ्या.

आता हिशेब मांडतो, कारण ‘लय बदलली की चित्राशी जुळत नाही’ हे रडगाणं मी फार ऐकलं आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १४४०. दर १२ फ्रेमला एक ठोका धरला तर मिनिटाला १२० ठोके होतात. त्या गतीत तीनतालाचं सोळा मात्रांचं आवर्तन बरोबर आठ सेकंदांत पुरं होतं. समजा, दृश्य सुरू झाल्यापासून ७३ व्या सेकंदाला विश्वासरावांना गोळी लागते. १२० च्या गतीत तोवर १४६ मात्रा होऊन गेलेल्या असतात. म्हणजे गोळी दहाव्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर लागली. मेलेली जागा. तिथे आपले लोक एक मोठा धमाका चिकटवतात आणि काम झालं म्हणतात. गती १२० वरून ११८.४ वर आणा. कोणाच्या बापाला फरक कळणार नाही. पण त्याच ७३ सेकंदांत १४४ मात्रा, नऊ आवर्तनं पुरी होतात आणि गोळी समेवर येते. तिच्याआधी तिहाई बांधली असेल तर प्रेक्षकाला गोळी येण्याआधीच पोटात गोळा येतो, आणि का आला ते कळत नाही.

गोळी लागली. आता लय उतरवायची आहे, पण धक्का न देता. झांजेला अर्ध्या मात्रेचे ठोके द्या आणि ते तीन-तीनच्या गटांत बांधा. कान नकळत दीड मात्रेला नवा ठोका मानू लागतो. मग हळूच जुने ढोल काढून घ्या. लय ११८ वरून ७९ वर उतरली आणि शिवण कुठेच दिसली नाही. यात नवीन काय आहे? हीच आपली आडलय. तबला शिकणारं पोर दुगुण, तिगुण, आड, कुआड हातावर टाळी देत म्हणतं. यमुना ओलांडली की दीनदयाळ उपाध्याय मार्गावर गांधर्व महाविद्यालय आहे, १९३९ पासून दिल्लीत चालणारं, आमच्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतलं. कथक केंद्रातल्या मुलींना कुठल्याही मात्रेपासून तिहाई बांधून समेवर आणायला सांगा, बोलता बोलता बांधतील. या शहरात वनराज भाटियांनी साठच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवलं, तेव्हा त्या बाजूचंही ज्ञान इथे नव्हतं असं नाही. एवढं सगळं हाताशी असताना नोएडातला स्टुडिओ परदेशी संकेतस्थळावरून ‘एपिक ड्रम्स, १४०’ अशी चिठ्ठी लावलेली फाईल विकत घेतो. मला ही लाज वाटण्याजोगी गोष्ट वाटते.

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही दशावताराला जाऊन बसा. पेटी, पखवाज, झांज, एवढंच. राक्षस आणि देव युद्धाला उभे राहिले की पखवाजवाला नटाच्या पायांकडे बघतो. नट फेर धरतो तेव्हा ठेका सावकाश, गिरकी घेतली की बोल घट्ट, दोघं एकमेकांना जोखत थांबले की नुसती थाप आणि झांजेची किणकिण. वर्षानुवर्षं हे घड्याळाशिवाय, क्लिकशिवाय चाललं आहे. शाहीर पोवाड्यात नेमका वार पडायच्या आधी डफ थांबवतो, गद्यात बोलतो, सभेला ताटकळत ठेवतो, मग चाल उचलतो. ताटकळवण्याची ही कला आम्ही गमावली, आणि वर म्हणतो की प्रेक्षकाला धीर नाही.

हिंदी चित्रपटालाही ती एके काळी येत होती. १९७५ च्या ‘शोले’त बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात त्या पाठलागाला राहुल देव बर्मन यांनी बनारसचे पंडित सामताप्रसाद बोलावले. घोड्यांच्या टापा आणि तबल्याचे बोल एकमेकांत असे गुंतलेत की प्रेक्षक आजही श्वास धरून पाहतो. माणसाचा हात आहे तो, दमतो, उसळतो, चित्राला उत्तर देतो. त्या चित्रपटाच्या वाट्याला तेव्हा आलेलं एकुलतं एक फिल्मफेअर संकलनासाठी होतं, आणि ते आमच्या एम. एस. शिंद्यांना मिळालं. संकलकाची लय आणि तबलजीची लय एकमेकांना ओळखत होत्या, हे मी त्यात वाचतो. बाहेर पाहायचं तर १९६८ चा ‘बुलिट’ बघा. लालो शिफ्रिननं गाड्या एकमेकींवर डोळा ठेवून हळू फिरतात तोवर संगीत वाजवलं, आणि खरा पाठलाग सुरू होताच ते काढून घेतलं. पुढे नुसती इंजिनं. केवढा विश्वास लागतो याला, चित्रावर आणि प्रेक्षकावर!

कोणी म्हणेल, एकाच गतीतूनही ताण वाढवता येतो. येतो ना. गती तीच ठेवून आतली घनता दुप्पट-चौपट करणं हीसुद्धा लयकारीच, आणि ती येणाऱ्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते ना गती बदलणाऱ्या, ना घनता बदलणाऱ्या, फक्त आवाजाची दांडी वर ढकलणाऱ्यांशी.

तेव्हा निर्मात्यांनो, दिग्दर्शकांनो, तात्पुरतं संगीत लावणं बंद करा. संगीतकाराला पटकथेच्या वेळी बोलवा आणि त्याला किती ढोल हवेत ते सांगू नका, कोणत्या क्षणी कोणाचं मन बदलतं ते सांगा. आयझेनस्टाइननं १९३८ साली ‘अलेक्झांडर नेव्हस्की’तल्या काही दृश्यांचं संगीत प्रोकोफिएव्हकडून आधी करून घेतलं आणि चित्र त्याच्यावर कापलं. बर्फावरच्या लढाईतली ती वाट पाहण्याची लय आजही अंगावर येते. एक तरी लढाई तशी कापून बघा. वाजवायला माणसं बोलवा, एका खोलीत, पडद्यासमोर, आणि त्यांना चित्र दिसू द्या. आणि करारात स्पष्ट लिहा की संकलन पक्कं झाल्यावर कट हलवला तर संगीतकाराला नवे दिवस आणि नवे पैसे मिळतील. हे कलम घातलं की सात फ्रेम सरकवण्याआधी प्रत्येक जण दोनदा विचार करेल. मी तरी या कलमाशिवाय यापुढे सही करणार नाही, आणि माझ्या व्यवसायबंधूंनीही करू नये.