टोचन लावण्यापूर्वी

मंडळी, दिवाळी जवळ आली की आपल्यातली निम्मी घरं सोलापूर-लातूरच्या वाटेला लागतात. सर्व्हिसिंग होते, चिवड्याचे डबे भरले जातात. गाडी वाटेत बंद पडली तर काय, हे मात्र कुणी बोलत नाही. म्हणून या वेळी टोचनबद्दल.

गेल्या उन्हाळ्यात आउटर रिंग रोडवर, शमशाबादच्या जरा पुढे, माझ्या मित्राची गाडी बंद पडली. क्रेनवाला आला आणि गाडीकडे न बघता आधी आम्हालाच म्हणाला, "साब, पहले आप लोगां रेलिंग के पीछू जाव." मित्राला मीटिंगची घाई. "भैया, जरा जल्दी," तो म्हणत राहिला. क्रेनवाल्याने शांतपणे मागे लांबवर कोन मांडले, पिवळा दिवा लावला आणि मगच हुक हातात घेतला.

त्याचं बरोबर होतं. या 158 किलोमीटरच्या रस्त्यावर 2023 पासून उजव्या दोन लेनना ताशी 120 ची मुभा आहे. म्हणजे सेकंदाला 33 मीटर; शंभर मीटर तीन सेकंदांत संपतात. लाल त्रिकोण डिकीला चिकटवून ठेवला, तर मागच्याला तो दिसेपर्यंत ब्रेक मारायची वेळ निघून गेलेली असते. आणि या सगळ्यात रस्त्यावर वाकून काम करणारा तो एकटा असतो. आपण "लवकर करा" म्हणतो तेव्हा तो नेमका कोन मांडायचा वेळ वाचवतो.

आता गाडीचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप सहसा इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, तर गिअरबॉक्स कोरडा घासून तापतो. इलेक्ट्रिक गाडीत चाकं मोटरला जोडलेली असतात, ती फिरली की मोटर वीज तयार करू लागते. अशा गाड्या फ्लॅटबेडवर चढवूनच न्यायच्या. म्हणून फोनवरच सांगा: मॅन्युअल, ऑटोमॅटिक की इलेक्ट्रिक, चाकं फिरतात का, आणि रस्त्याकडेच्या दगडावर कोणता किलोमीटर लिहिलाय. नाहीतर चुकीची क्रेन येते आणि तासभर जातो.

दोरीने ओढायचं तर 1989 च्या रस्ता नियमावलीतलं माप अजून उपयोगी आहे: दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी 24 च्या आत, मागे 'ऑन टो' अशी पाटी. दोरी बंपरला बांधू नका. जॅकसोबत स्क्रूचा जाड हुक दिलेला असतो, तो पुढच्या झाकणामागे बसतो. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड, तेव्हा मागच्या गाडीत लायसन्सवाला, दमदार पायाचा माणूस हवा. काकूंना बसवू नका! किल्ली चालू स्थितीत ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल.

विंचची तार ताणलेली असताना तिच्या रेषेत कुणीही उभं राहू नये. तुटली तर चाबकासारखी परत येते. फ्लॅटबेडवरच्या गाडीत बसून जायची मुलांना भारी हौस असते. क्रेनवाला नाही म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका.

सोलापूरच्या रस्त्यावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 65 वर, मदतीचा नंबर 1033. घरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आजोबांच्या साध्या फोनमध्येसुद्धा.