साउंड कार्ड : घ्यायचं की नाही?

गेम खेळताना कॉम्प्युटरचा आवाज फुसका येतोय? गाण्यामागे सारखं ‘सूंऽऽ’ ऐकू येतंय? मग कुणीतरी सल्ला देतंच, “साउंड कार्ड घे!” पण जरा थांबा. शहरातला मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन वस्तू बदलून आणेल. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत राहणाऱ्याला मात्र चुकीची वस्तू म्हणजे एसटीची लांबलचक फेरी आणि वर घरच्यांची बोलणी!

साउंड कार्ड करतं तरी काय? कॉम्प्युटरला कळतात फक्त आकडे. सीडीवरच्या गाण्यात दर सेकंदाला आवाजाच्या ४४,१०० नोंदी असतात, त्याही डाव्या-उजव्या बाजूच्या वेगवेगळ्या. या आकड्यांपासून विजेची लहर बनवून ती हेडफोनला द्यायची, हे त्याचं काम. पूर्वी यासाठी वेगळं कार्ड लागायचंच. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं ‘साउंड ब्लास्टर’ १९८९ मध्ये आलं आणि खूप गाजलं. पुढे ही सोय मदरबोर्डवरच येऊ लागली. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ती बहुधा आहेच!

आता गेमचं बघू. जंगलात मोर ओरडला, की डोळे मिटूनही दिशा कळते ना? आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदू तो बरोब्बर पकडतो! गेमही दोन कानांत असाच वेगवेगळा आवाज सोडतो. म्हणून शत्रूची पावलं कुठून येताहेत ते ओळखायला आधी लागतो चांगला हेडफोन, महागडं कार्ड नव्हे.

तेव्हा पैसे काढण्याआधी ही तपासणी करा :

१. तोच हेडफोन मोबाईलला किंवा टीव्हीला लावा. तिथेही आवाज खराब? मग दोष हेडफोनचा.

२. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून ऐका. घुरघुर थांबली? मग चार्जर किंवा घरचं अर्थिंग वायरमनकाकांकडून तपासून घ्या. स्वतः वायरींना हात लावायचा नाही, बरं का!

३. दोन्हींत काही सापडलं नाही आणि ‘सूंऽऽ’ चालूच? मग कॉम्प्युटरच्या आतल्या विजेची गडबड आवाजात मिसळत असणार. अशा वेळी यूएसबीला लावायचं छोटं, बाहेरचं साउंड कार्ड घ्या. कॉम्प्युटर उघडावाही लागत नाही.

घेताना खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नका. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतच ऐकू येतं, आणि त्याला १६ बिट, ४४,१०० नोंदी पुरेशा होतात. मात्र माइकची खाच आहे ना, ते जरूर पाहा. गेम काय, रोजच खेळाल. पण आजीची रेला गाणी रेकॉर्ड करून ठेवलीत, तर ती पुढेही ऐकता येतील!